काना, शिफ्ट आणि रायपूर

जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे.

रायपूरच्या एखाद्या कचेरीत कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले ‘रायपुर’ हे नाव दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर एकेक अक्षर करून वाचू लागला, की कानावर हे पडते. डोळसाला पडद्यावर स्वच्छ नागरी दिसते. फाइलच्या पोटात मात्र नागरीचा मागमूस नसतो. रोमन अक्षरांना नागरीचे मुखवटे चढवलेले असतात, आणि मुखवटा ऐकू येत नाही.

टायपिंग सोपे कसे करावे असे विचारले तर जाणकार संगणकाच्या सेटिंगमध्ये जायला सांगतात. तिथे स्टिकी कीज, फिल्टर कीज असे चार-पाच खटके असतात. ते उपयोगाचे आहेतच. पण नागरीत टाइप करणाऱ्याची अडचण त्या खटक्यांच्या बरीच आधी सुरू होते. कोणते अक्षर कोणत्या बोटाखाली, हे ज्यांनी ठरवले त्यांच्यासमोर संगणक नव्हताच. रायपूरसारख्या गावात, जिथल्या फायली आधी नागपूरला, मग भोपाळला आणि शेवटी गावातच फिरू लागल्या, तिथे ही गोष्ट सलग पाहायला मिळते.

सुरुवात छापखान्यापासून करावी लागेल. १८१८ नंतर इंग्रजांनी छत्तीसगढचा कारभार रतनपूरहून रायपूरला आणला. त्याआधी इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि त्यांच्या मागून आलेली मराठी घरे तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत रुजली होती. १९०० च्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे, तिघेही मराठी. तीन वर्षांत ते बंद पडले. लाखेनगर आणि सप्रे शाळा ही नावे रायपुरात आजही रोज घेतली जातात. त्या काळच्या कंपोझिटरपुढे शेकडो खिळ्यांच्या पेट्या मांडलेल्या असत. जोडाक्षरांचे खिळे वेगळे, वेलांटीसकट अक्षराचे वेगळे. हात लांब करून खिळा उचलायचा, ओळीत बसवायचा. वेळ लागायचा, पण नागरीला कुणी आखडून बस म्हणत नव्हते.

टंकयंत्राने ते म्हटले.

टंकयंत्राचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत पेल्लेग्रीनो तुर्रीने एका दृष्टिहीन उमराव स्त्रीला पत्रे लिहिता यावीत म्हणून एक लेखनयंत्र बनवले. डेन्मार्कमध्ये रासमुस मॉलिंग-हॅन्सनने १८७० च्या सुमारास अर्धगोलावर कळा बसवलेले यंत्र तयार केले. तो कोपनहेगनच्या मूकबधिरांच्या संस्थेचा प्रमुख होता. दृष्टी अधू होत चाललेल्या नित्शेने १८८२ मध्ये ते वापरून पाहिले. म्हणजे या यंत्राचे पाळणाघर अपंगत्वाच्या शेजारीच होते. पुढे दप्तरांनी ते उचलून नेले आणि दहा धडधाकट बोटे गृहीत धरली.

रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या यंत्रावर फक्त मोठी रोमन अक्षरे उमटत. १८७८ च्या दुसऱ्या यंत्रावर शिफ्टची कळ आली. एका दांडीवर दोन अक्षरे, आणि शिफ्ट दाबली की यंत्राचा जड भाग जागचा हलणार. हे वजन पेलायचे होते करंगळीने, म्हणजे हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटाने, तेही दुसऱ्या हाताचे बोट त्याच क्षणी भलतीकडे असताना. शिफ्ट लॉक होते. ते दाबले की शिफ्ट खालीच अडकून राही. एकहाती टायपिस्टाला यंत्राने दिलेली सवलत ती तेवढीच.

इंग्रजीत शिफ्ट लागते ती वाक्याच्या आरंभी आणि नावांना. नागरीत ती पावलोपावली लागते, कारण चव्वेचाळीस-सेहेचाळीस कळांवर नव्वदच्या आसपास खुणा बसवायच्या आणि लिपीला हव्यात त्याच्या कितीतरी पट. देवनागरी टंकयंत्र घडवणाऱ्यांनी यावर काढलेली युक्ती मात्र दाद देण्यासारखी होती. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष या अक्षरांच्या उजवीकडे उभा दंड असतो. तो काढून टाकला की अर्धे अक्षर उरते. तेवढेच कळेवर कोरायचे. पूर्ण अक्षर हवे असेल तर पुढे दंड मारायचा. हा दंड म्हणजेच काना. त्यामुळे एकाच कळेवर दोन कामे आली, आणि ती कळ उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, मधल्या ओळीत ठेवली गेली. इंग्रजी ‘के’ची जागा ती. ज्याने हे ठरवले त्याला हात कळत होता.

पहिल्या वेलांटीचे मात्र यंत्राशी कधी जमले नाही. ‘कि’ बोलताना क आधी, लिहिताना वेलांटी डावीकडे. यंत्राची गाडी एकाच दिशेने सरकते, म्हणून टायपिस्टाला वेलांटी आधी मारावी लागे आणि क नंतर. कानाने ऐकलेले बोटांनी उलटे करायचे. श्रुतलेखन घेणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी ही कसरत अंगवळणी पाडून घेतली.

यंत्र वाकेना म्हणून लिपीलाच वाकवण्याचे प्रयत्नही कमी झाले नाहीत. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली: अि, अी, अु, अू. इ, ई, उ, ऊ यांचे खिळे वाचावेत हा तिचा एक हेतू. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ चालवली, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचाराच्या पुस्तकांतही ती दिसते. १९४८ मध्ये लघुलिपी आणि टंकयंत्र यांच्या प्रमाणीकरणासाठी केंद्राने समिती नेमली, तिचे अध्यक्ष साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर. १९५३ च्या लखनौच्या लिपिसुधार परिषदेने तर पहिली वेलांटी उचलून अक्षराच्या उजवीकडे न्यावी आणि तिचा दंड आखूड ठेवावा असे ठरवले. दुसऱ्या वेलांटीपासून ती वेगळी ओळखायची ती केवळ लांबीवरून. लोकांनी हे स्वीकारले नाही आणि १९५७ मध्ये ती सुधारणा मागे घेण्यात आली. ते बरेच झाले. अधू नजरेच्या वाचकाला त्या दोन वेलांट्या वेगळ्या दिसल्या असत्या का, हा प्रश्न कुणी विचारल्याचे दिसत नाही.

याच वर्षांत रायपूर नागपूरच्या कारभाराखाली होते. तेव्हाच्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूरचे. १९५० च्या राजभाषा कायद्याने मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा झाल्या. डॉ. रघुवीर नागपुरात बसून प्रशासनाला नवे शब्द घडवून देत होते. शब्द मिळाले तरी ते कागदावर उतरवायला यंत्रे आणि ती चालवणारी माणसे लागणार होती. १९५५ मध्ये गोदरेजने पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले, पुढे हिंदी-मराठीतही काढले. २००९ पर्यंत त्यांचे उत्पादन चालू होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर भोपाळकडे वळले, आणि रायपूरच्या कचेरीतून मराठीची गरज संपली. मराठी घरांतली मुले मग हिंदी टायपिंग शिकू लागली.

शिकवण्याची रीत सगळीकडे एकच होती. कळफलकाकडे पाहायचे नाही, प्रत्येक बोटाला आपापल्या कळा. हाताला पोलिओ झालेल्या, एखादे बोट गमावलेल्या किंवा कंप असलेल्या विद्यार्थ्याला या रीतीत जागा नव्हती. केंद्र सरकारच्या कारकुनी नोकऱ्यांत अशा उमेदवाराला टंकलेखन परीक्षेतून सूट देण्याची तरतूद झाली. सूट मिळाली हे चांगलेच, पण तिच्यातून यंत्र निर्दोष सुटले. माणसाला बाजूला बसवणे कळा बदलण्यापेक्षा स्वस्त पडत होते.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ राज्य झाले. मंत्रालयासाठी डीकेएस रुग्णालयाची इमारत घेतली गेली आणि २०१२ मध्ये नवा रायपूरच्या महानदी भवनात जाईपर्यंत राज्य तिथूनच चालले. नव्या राजधानीत टेबलांवर संगणक आले, पण त्यांच्यापुढे बसणारी बोटे रेमिंग्टनची होती. कृतिदेव इथे कामी आला. टंकयंत्रावर ज्या कळेने क उमटत असे त्याच कळेवर, म्हणजे इंग्रजी ‘डी’वर, क चे चित्र बसवले. टायपिस्टाला नव्याने काही शिकावे लागले नाही. घड्याळ चौकाजवळच्या कलेक्टर कचेरीपासून कोर्टाबाहेरच्या अर्जनविसांपर्यंत तो पसरला तो याच सोयीमुळे. आज त्याला नावे ठेवणे सोपे आहे. त्या घडीला शेकडो टायपिस्टांची नोकरी त्याने वाचवली.

त्याची किंमत वेगळ्या माणसांनी मोजली. एक दृष्टिहीन वाचकांनी, ज्यांचा उल्लेख वर आला. दुसरी एका हाताने टाइप करणाऱ्यांनी. कृतिदेवमध्ये कळफलकावर न मावलेली अक्षरे अंकी संकेतांनी काढावी लागतात: ऑल्ट दाबून धरायची, अंकांच्या पट्टीवर चार आकडे मारायचे आणि मगच ऑल्ट सोडायची. क्र साठी ०२१६, कृ साठी ०२०९. सरकारदरबारच्या अर्जात ‘कृपया’ टाळता येत नाही. तो शब्द लिहायला डावा हात ऑल्टवर, उजवा अंकांवर. ज्याला एकच हात आहे त्याने नम्र व्हायचे कसे?

याच अडचणीवर दूर अमेरिकेत आधीच काम झाले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या ट्रेस केंद्रात ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा उपाय केला की, शिफ्ट किंवा कंट्रोल दाबून सोडून दिली तरी संगणकाने ती पुढच्या कळेपर्यंत दाबलेलीच समजावी. दोनदा दाबली तर ती अडकून राहील, जुन्या शिफ्ट लॉकसारखी. हेच स्टिकी कीज. आधी ही सोय डॉसच्या जोडीला स्वतंत्र मिळे, १९९५ च्या विंडोजमध्ये आतच आली. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विचारणा करणारी खिडकी उघडते. बहुतेक जण ती वैतागून बंद करतात आणि कुणासाठी होती याचा विचार करत नाहीत.

नागरीत हा खटका कसा चालतो हे इन्स्क्रिप्ट या कळफलकावर नीट दिसते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले. १९८३ मध्ये तिथले देवनागरी टर्मिनल दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखवले गेले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक झाले आणि हे काम तिकडे गेले. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये हा कळफलक ठरवला, १९८८ मध्ये सुधारला, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणात तो समाविष्ट झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिची देवनागरी याच भारतीय प्रमाणाच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली होती. विंडोज २००० मध्ये हिंदी आणि मराठीचे इन्स्क्रिप्ट कळफलक आपसूक मिळू लागले.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. क च्याच कळेवर शिफ्टसह ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. ि ची कळ शिफ्टसह दाबली की इ. वेलांटी बोलण्याच्या क्रमाने, अक्षरानंतर. कळफलक डोळ्यांनी न पाहता मनात मांडता येतो, आणि हीच मांडणी तेलुगू, ओडिया, बंगालीलाही लागू पडते. दृष्टिहीन माणसाला शिकायला याहून सोपी मांडणी नागरीत नाही.

‘छत्तीसगढ़’ हा शब्द घ्या. शिफ्टसह अर्धविरामाची कळ, छ. मग एल, डी, एल: त, पाय मोडणे, त. आर वर दुसरी वेलांटी, एम वर स, आय वर ग. शिफ्टसह उघड्या चौकटी कंसाची कळ, ढ. मिटत्या कंसाच्या कळेवर नुक्ता. नऊ कळा, दोन शिफ्ट. स्टिकी कीज चालू असतील तर एकामागून एक अकरा ठोके, एका बोटाने, कुठेही दोन कळा एकत्र नाहीत. मराठीत नुक्ता लागत नाही, म्हणजे एक ठोका वाचला. ‘कृपया’ला तर शिफ्टही नको: पाच कळा, पाच ठोके.

एफ आणि जे या कळांवर बोटांना जागा कळावी म्हणून उंचवटे असतात. जुन्या टंकयंत्राच्या, म्हणजे रेमिंग्टनच्या मांडणीत तिथे पहिली वेलांटी आणि र आहेत. इन्स्क्रिप्टमध्येही नेमके तेच. बाकी जवळजवळ सगळा कळफलक इकडचा तिकडे झालेला असताना ही दोन घरे जागची हललेली नाहीत. मांडणी बदलणाऱ्या टायपिस्टाला हाताखाली तेवढी तरी ओळखीची जमीन.

कंप असलेल्या हाताची अडचण वेगळी. कळेवर बोट क्षणभर जास्त टेकले की अक्षर दुपटते. इंग्रजीत जास्तीचे एक अक्षर पुसले की झाले. नागरीत काना दुपटला तर दुसरा काना उभा राहायला व्यंजनच नसते, आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. नवशिक्याला वाटते यंत्र बिघडले. फिल्टर कीज लावल्या तर हलके वा घाईत पुन्हा पडलेले ठोके संगणक सोडून देतो. पुसण्यातही खोच आहे. बॅकस्पेस एकेक खूण मागे नेतो, म्हणजे ‘स्त्री’मधली आधी वेलांटी जाते, मग र, डिलीट मात्र अख्खे जोडाक्षर उचलते. ज्याला एकेक ठोका महाग पडतो त्याने हे लक्षात ठेवावे.

एवढे असून रायपूर इन्स्क्रिप्टवर सरसकट गेले नाही. छत्तीसगढच्या सहायक दर्जाच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत हिंदी टायपिंगला तासाला ५,००० ठोक्यांची गती मागतात, म्हणजे मिनिटाला त्र्याऐंशी. तेवढी गती एका मांडणीवर कमावलेला उमेदवार दुसरीकडे जाईल कशाला? म्हणून युनिकोडमध्येही ‘रेमिंग्टन गेल’ नावाची मांडणी ठेवावी लागली. तिच्यात वेलांटी पूर्वीसारखी आधीच मारायची, संगणक ती धरून ठेवतो आणि व्यंजन आले की मागे लावतो. बोटांची सवय शाबूत राहते आणि फाइलमध्ये खरी नागरी जाते. तडजोडी बहुधा दोन्ही बाजूंना थोड्या बोचतात. ही त्यातली बरी. दिव्यांगांसाठी २०१६ चा हक्क कायदा आणि २०१८ च्या केंद्रीय परीक्षा-सूचना यांनी लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ दिला. मांडणीबद्दल मात्र त्यांत दिलासा नव्हता. विंडोजमध्ये रोमनसाठी डाव्या हाताचा एक आणि उजव्या हाताचा एक असे ड्वोरॅकचे एकहाती कळफलक मिळतात. नागरीसाठी तसे काही त्यात नाही.

रायपूरच्या मराठी माणसाला यात आणखी एक खडा लागतो. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, सगळ्याची पत्रके निघतात, आणि ती छापली जातात हिंदीला सरावलेल्या डीटीपीच्या दुकानांत. ल आणि श हिंदी वळणाचे येतात. तेवढे चालवून घेता येते. पण ‘दुसऱ्या’मधला आडवा र मिळाला नाही की रफार बसतो, आणि आचाऱ्यांचे आभार मानायला जावे तर आचार्यांचे मानले जातात. इन्स्क्रिप्टमध्ये तो र शिफ्टसह जे वर आहे, पुढे डी आणि तिरप्या रेघेची कळ. म्हणजे पुन्हा शिफ्ट.

मोबाइलने या सगळ्याला वळसा घातला. आयआयटी मुंबईच्या अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने २०१३ च्या सुमारास काढलेल्या ‘स्वरचक्र’मध्ये व्यंजनावर बोट टेकले की भोवती मात्रांचे चक्र उघडते, शिफ्टला तिथे कामच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांना बोलून लिहिण्याची सोय दिली. हिंदीला ती आधीच होती. त्या आठांत छत्तीसगढी नव्हती. २००७ मध्ये विधानसभेने तिला राजभाषेचा दर्जा दिला होता, तरीही.

आणि कृतिदेवमधल्या जुन्या फायली आहेत तिथेच आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक फुकट मिळतात, पण त्यांना कृतिदेवमधली नागरी आणि खरीखुरी इंग्रजी यांतला फरक कळत नाही. मधे आलेला ई-मेलचा पत्ता किंवा कंपनीचे नाव ते इमानेइतबारे नागरीत फिरवतात आणि निरर्थक अक्षरांचा ढीग लावतात. शिवाय कुणी वेलांटी चुकून अक्षरानंतर मारली असेल तर ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. तेव्हा स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी फाइल करायची तर शेवटी मूळ कागद शेजारी ठेवून ओळन्‌ओळ तपासणारा माणूस बसवावा लागतो, आणि कोणता ठोका कुठे चुकला असेल हे झटकन ओळखतो तो रेमिंग्टनवर हात बसलेला जुना टायपिस्टच.